एका दाण्याचे चार दाणे : मध्ययुगीन इंग्लंडमधील मॅनरवरचे शेतकरी

इंग्लंडमधील विंचेस्टरच्या बिशपच्या कचेरीत तेराव्या शतकाच्या आरंभापासून दरवर्षी हिशेबाची एक मोठी गुंडाळी तयार होत असे. जनावराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर लॅटिन भाषेत लिहिलेल्या या हिशेबात, दक्षिण इंग्लंडभर विखुरलेल्या त्याच्या प्रत्येक जहागिरीत किती गहू पेरला, किती पिकला, किती विकला, कोणाकडून किती दंड वसूल झाला आणि किती मेंढ्या रोगाने दगावल्या, हे सारे नोंदवलेले आहे. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी गुंडाळी १२०८-०९ या वर्षाची आहे. पेरलेले आणि पिकलेले धान्य अशा रीतीने वर्षानुवर्षे शेजारी शेजारी लिहून ठेवल्यामुळे इतिहासकारांना एक साधा भागाकार करता आला आणि त्याचे उत्तर आले सुमारे चार. एक दाणा गहू पेरला की सरासरी चार दाणे हाती येत. मध्ययुगीन युरोपातील सरंजामशाहीवर किल्ले, सरदार आणि शपथा यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते. पण त्या व्यवस्थेच्या तळाशी राबणाऱ्या कुटुंबाचे आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर या चार दाण्यांपासूनच सुरुवात करावी लागते, असे मला वाटते.

आकडे थोडे जवळून पाहू. त्या काळी एकरी साधारण अडीच बुशेल गहू पेरला जाई आणि बऱ्यापैकी वर्षी एकरी दहा बुशेल पिकत असे. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. म्हणजे एकरी ६७ किलो बियाणे आणि पावणेतीन क्विंटलचा उतारा. आज आपल्याकडे बागायती गव्हाला एकरी चाळीसएक किलो बियाणे लागते आणि एकरी दहा क्विंटल गहू झाला तर कोणी त्याचे फार कौतुक करत नाही. आता पंधरा एकर जमीन कसणारे एक कुटुंब घ्या. तीन शेतांच्या पद्धतीत त्यांची पाच एकर जमीन दरवर्षी पड राही, पाच एकरांत गहू आणि उरलेल्या पाच एकरांत वसंत ऋतूत पेरलेले जव, ओट किंवा वाटाणा असे. पाच एकरांत ५० बुशेल गहू झाला, तर त्यातला दहावा भाग, म्हणजे पाच बुशेल, चर्चचा. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी साडेबारा बुशेल बाजूला ठेवायचे. उरतात साडेबत्तीस. माणशी वर्षाला सुमारे आठ बुशेल धान्य लागते असा ढोबळ हिशेब धरला, तर पाच माणसांना चाळीस बुशेल हवेत. शिवाय जमीनदाराचा खंड आणि दंड रोख भरायचे तर बाजारात चांगला भाव मिळणारा गहूच विकावा लागे. त्यामुळे शेतकरी गहू पिकवी आणि बहुतेक दिवस जवाची भाकर आणि वाटाण्याची, ओटची पेज खाई.

हे कुटुंब ज्या जहागिरीत राहत असे तिला मॅनर म्हणत. राजाने सरदाराला जमीन द्यायची आणि सरदाराने त्या बदल्यात लढाईला माणसे पुरवायची, हा सरंजामशाहीचा वरचा मजला झाला. मॅनर हा तळमजला होता. मॅनरमधील काही जमीन मालक स्वतःसाठी राखून ठेवी. मराठी वाचकाने तिला शेरी जमीन म्हणावे, कारण सरकारने किंवा जहागीरदाराने स्वतःच्या खाती कसण्यासाठी राखलेल्या जमिनीला आपल्याकडे तेच नाव होते. बाकीची जमीन कुळांकडे असे आणि त्यातील अनेक कुळे शेरीवर ठरावीक दिवस वेठ करून आपल्या जमिनीचे देणे फेडत. विल्यम राजाच्या हुकमाने १०८६ साली देशाची जी पाहणी झाली, तिच्यात नोंदलेल्या कुटुंबप्रमुखांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक गावात बऱ्यापैकी जमीन असलेली बांधील कुळे होती, एक-तृतीयांशाच्या आसपास अगदी तुटपुंज्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे होते, स्वतंत्र शेतकरी पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर होते आणि दहा टक्क्यांच्या आसपास चक्क गुलाम होते. पुढच्या शतकात गुलामगिरी संपत गेली, पण बाराव्या शतकाच्या अखेरीस राजाच्या न्यायालयांनी बांधील कुळांना मालकाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग बंद केला आणि त्यांचे भूदासपण, म्हणजे मालकाच्या जमिनीशी बांधलेले जिणे, कायद्याने पक्के झाले.

इथे एका वादाचा उल्लेख करायला हवा. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून संशोधन केलेले गणिती-इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतातही सरंजामशाही होती, ती आधी वरून, म्हणजे राजाने मांडलिकांकरवी, आणि मग खालून, म्हणजे गावातच जमीनमालकांचा वर्ग उभा राहून, वाढली, अशी मांडणी केली. रामशरण शर्मा यांनी तो विचार पुढे नेला आणि हरबन्स मुखिया यांनी त्याला सविस्तर आव्हान दिले. दख्खनमध्ये वेठ होती, वतने होती, जमिनीवर एकाहून अधिक जणांचे हक्क होते, हे खरेच. पण येथे सत्तेचा मुख्य वाटा साऱ्याच्या रूपाने पिकातून उचलला जाई. मालकाची मोठी शेरी आणि तिच्यावर आठवड्याच्या ठरलेल्या वारी राबायला येणारे अख्खे गाव, हे इंग्लंडमधील मॅनरचे खास लक्षण होते. म्हणून या दोन समाजांची तुलना सावधपणेच करावी.

मॅनरची शेते कशी होती, हे समजायला आजही जमीनच उत्तम साक्षीदार आहे. मध्य इंग्लंडमधील जुन्या कुरणांवर हिवाळ्यात तिरपे ऊन पडले की समांतर वरंबे आणि सऱ्या उठून दिसतात; विमानातून लेझर किरण सोडून घेतलेल्या नकाशांत तर त्या आणखी स्पष्ट होतात. जड, ओल धरणाऱ्या जमिनीत चालणारा लोखंडी फाळाचा नांगर माती एकाच बाजूला उलथवी. प्रत्येक पट्टीच्या मध्यापासून दोन्ही कडांकडे फेरे घालत नांगरल्यामुळे माती मध्यावर चढत जाई आणि पावसाचे पाणी सरीतून वाहून जाई. हे वरंबे सरळ नसून उलट्या एस अक्षरासारखे किंचित वळलेले असतात. त्याचे कारण बैलांच्या रांगेत आहे. आठ बैल दोन-दोनच्या जोड्यांनी पुढे-मागे जुंपले की अवजारासकट ती रांग इतकी लांब होते की शेताच्या टोकाला पोहोचण्याआधीच तिला वळवायला सुरुवात करावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या नांगऱ्यांनी तसे वळण घेतले आणि ते जमिनीत कोरले गेले. सातशे वर्षांपूर्वीचा औतावरचा निर्णय आज डोळ्यांना दिसावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

एकट्या कुटुंबाकडे आठ बैल असणे दुर्मीळच. बहुतेक जण शेजाऱ्यांशी सावड करून जोत पुरे करत. गावाची शेतजमीन दोन किंवा तीन प्रचंड उघड्या शेतांत विभागलेली असे आणि प्रत्येकाच्या पट्ट्या त्या सर्व शेतांत इकडेतिकडे विखुरलेल्या असत. मध्ये कुंपण नाही. एका शेतात सर्वांनी एकाच हंगामाचे पीक घ्यायचे, कापणी उरकली की धसकटांवर सर्वांची गुरे सोडायची आणि पड शेतही चराईला मोकळे ठेवायचे. पट्ट्या अशा विखुरण्यामागे वारसांतील वाटण्या होत्या, नवी जमीन फोडताना केलेली समान वाटणी होती आणि काही अर्थशास्त्रज्ञांच्या मते जोखीम विभागण्याचे शहाणपणही होते; कारण सखल भागातले पीक पावसाने कुजले तरी चढावरचे हाती लागे. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावात तीन उघड्या शेतांची ही पद्धत अद्याप चालू आहे. तेथे दरवर्षी गावचे पंच शेतांची पाहणी करतात आणि ज्याचा नांगर सामाईक वाटेत घुसला असेल त्याला गावसभेसमोर दंड होतो.

चारच दाणे का मिळत, याचे उत्तर मुख्यतः नायट्रोजनमध्ये आहे. पीक जमिनीतून जितका नायट्रोजन उचलते तितका परत जायला शेणखत लागते, शेणखताला गुरे लागतात, गुरांना हिवाळ्यात वैरण लागते आणि वैरणीची कुरणे तर धान्यासाठी आधीच मोडून काढलेली. लोकसंख्या वाढत गेली तसा हा फास आवळत गेला. हार्टफर्डशायरमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात दरवर्षी गहू पेरून प्रयोग केला जात आहे आणि त्यातील एका पट्टीला आरंभापासून कोणतेही खत दिलेले नाही. त्या पट्टीत आजही हेक्टरी सुमारे एक टन गहू निघतो. मॅनरच्या एकरी दहा बुशेलचे रूपांतर केले तर हेक्टरी टनाचा दोन-तृतीयांश भाग येतो. हवेतून, पावसातून आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून जेवढा नायट्रोजन आपोआप मिळतो, तेवढ्यावर गव्हाचे पीक कितपत येते, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून बांधता येतो.

तरीही मध्ययुगीन शेतकऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. पूर्व नॉरफोकमध्ये त्याच काळात एकरी वीस बुशेलपर्यंत गहू निघत होता. तेथील शेतकऱ्यांनी पड जवळजवळ बंद केली होती. वाटाणा, घेवड्याच्या जातीची पिके मोठ्या प्रमाणावर घेतली होती. शेत वारंवार नांगरून आणि हाताने निंदून तण काढले होते. मेंढ्या शेतात बसवल्या होत्या आणि खणून काढलेली चुनखडीयुक्त माती पसरली होती. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते, पण वाटाण्याच्या मागून आलेला जव चांगला येतो हे ते बघत होते. या पद्धतीला माणसांचे हात फार लागत आणि नॉरफोकमध्ये दाट वस्तीमुळे ते स्वस्त होते. स्वतःच्या घामाचा मोबदला स्वतःला मिळणार असेल, तर माणूस निंदायला वाकतो.

शेरीवर मात्र तसे नव्हते. रॅमझी मठाच्या मॅनरांसारख्या कडक ठिकाणी पूर्ण जमीनधारक कुळाला वर्षाचा बराच काळ आठवड्यातून दोन-तीन दिवस घरातला एक माणूस मालकाच्या कामाला पाठवावा लागे आणि सुगीच्या ऐन घाईत त्यावर जादा दिवस द्यावे लागत. ज्या आठवड्यात आभाळ उघडे आहे आणि स्वतःचा गहू पिकून वाकला आहे, त्याच आठवड्यात आधी मालकाचा कापायचा, ही त्यातली खरी बोच होती. दिवसाचे काम म्हणजे नेमके किती, यावर पिढ्यान्‌पिढ्या घासाघीस चाले आणि उत्तर लिहून ठेवले जाई : किती बुशेल मळायचे, किती पेंढ्या बांधायच्या, अमुक दिवशी जेवण मालकाकडून की घरून, जेवणाबरोबर बिअर की नुसते पाणी. अशा नोंदी वाचताना पहिल्यांदा त्या क्षुल्लक वाटतात, पण त्यांच्यातील प्रत्येक ओळ कोणीतरी भांडून मिळवलेली आहे. वहिवाट ही भूदासाची एकमेव ढाल होती आणि ती टिकवण्यासाठी तो मॅनरच्या न्यायसभेत जुन्या माणसांच्या साक्षी काढी. दुसरीकडे, तेराव्या शतकात शेतीव्यवस्थापनावर लिहिणारा वॉल्टर ऑफ हेन्ली मालकांना बजावतो की वेठीची माणसे कामचुकारपणा करतात, म्हणून देखरेख ठेवा. आपल्या पट्टीत माती मऊ करणारा माणूस मालकाच्या पट्टीत नांगर वरवर चालवी, असे दंडाच्या नोंदींवरूनही दिसते.

ही देखरेख बहुधा गावातल्याच माणसाकडे असे. ऑक्सफर्डजवळच्या कक्सम या गावाची जहागीर मर्टन कॉलेजकडे होती आणि तेथे रॉबर्ट ओल्डमन नावाच्या भूदासाने १३११ पासून १३४९ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, कारभारीपण केले. कोणती जनावरे विकायची, बियाणे किती ठेवायचे, कोणाला कोणत्या कामावर धाडायचे, हे त्याच्या शिरावर होते आणि वर्षअखेरीस हिशेबनीसासमोर उभे राहून त्याला दाण्यादाण्याचा जाब द्यावा लागे. तूट आली तर ती त्याच्या नावे लागे. मालकाचा नोकर आणि शेजाऱ्यांचा सोयरा या दोन्ही नात्यांनी तो बांधलेला होता. कारभारी असूनही तो स्वतः भूदासच राहिला. मॅनरची व्यवस्था शिपायांच्या बळावर कमी आणि अशा मधल्या माणसांच्या बळावर जास्त चालली, असे कागदपत्रांवरून माझे मत झाले आहे.

वेठीखेरीज देणी अनेक होती. मुलीचे लग्न करताना मालकाला पैसे द्यायचे, जमिनीवर वारसाचे नाव लावताना नजराणा भरायचा आणि कर्ता पुरुष मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाच्या दारी बांधायचे. ज्या घरात दोनच बैल आहेत, तेथे बापाच्या मृत्यूबरोबर अर्धे औत जाई. दळणाचेही तसेच. धान्य मालकाच्याच पाणचक्कीवर दळायचे आणि त्यातला ठरावीक हिस्सा चक्कीवर सोडायचा, असा नियम पुष्कळ ठिकाणी होता. घरातल्या जात्यावर दळणे हा गुन्हा ठरे. सेंट ऑल्बन्स येथे हा झगडा कैक दशके चालला. तेथील मठाचा महंत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा लोहाराचा मुलगा, नामांकित गणिती आणि त्या काळातील अत्यंत गुंतागुंतीच्या खगोलीय घड्याळाचा रचनाकार होता. त्याच बुद्धिमान माणसाने १३३० च्या सुमारास मठाच्या कुळांच्या घराघरांतून जात्याचे दगड उचलून आणवले आणि मठाच्या बैठकीच्या दालनात त्यांची फरशी बसवली. जाते ही बाईच्या हाताखालची वस्तू. सकाळी हवे तेवढे दळायचे, चक्कीवाल्याची वाट बघायची नाही आणि वाटाही द्यायचा नाही, एवढे स्वातंत्र्य त्या दोन दगडांत होते आणि म्हणूनच ते मठाला खुपत होते.

घरातल्या रोजच्या जगण्याविषयी कागदपत्रे कमी बोलतात. तेथे पुरातत्त्वशास्त्र आणि रसायनशास्त्र मदतीला येतात. नॉर्दम्प्टनशायरमधील वेस्ट कॉटन या ओस पडलेल्या वस्तीत सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांतून ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी स्निग्धांश वेगळे काढले. बिनझिलईचे भांडे शिजवताना चरबी शोषून घेते आणि ती खापराच्या सूक्ष्म छिद्रांत शतकानुशतके टिकते. कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण पाहून ती चरबी मांसाची की दुधाची हे सांगता येते, तर कोबीवर्गीय पानांवरचा मेणाचा थर काही विशिष्ट संयुगांवरून ओळखू येतो. या खापरांत बैलाचे आणि मेंढीचे मांस, त्याच्याबरोबर शिजलेला कोबी आणि कांद्याच्या जातीची लीक ही भाजी, आणि काही भांड्यांत दूधदुभत्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजणारा रस्सा हे खरोखरच त्यांचे रोजचे अन्न होते. घरांविषयीही समज बदलली आहे. वाकड्या खोडाच्या दोन फाळी एकमेकींना टेकवून उभारलेल्या सांगाड्याची काही घरे आजही उभी आहेत आणि लाकडातल्या वार्षिक वलयांवरून त्यांतली काही तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ठरली आहेत. पाऊस आला की वाहून जाणाऱ्या झोपड्यांत सगळे शेतकरी राहत होते, हे चित्र त्यामुळे सोडून द्यावे लागले.

मात्र हाडे वेगळी गोष्ट सांगतात. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड गावात मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० पासून चाळीस उन्हाळे उत्खनन चालले आणि चर्चच्या आवारातून सुमारे सातशे सांगाडे मिळाले. हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून तेथील बाळे दीड-दोन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती असे दिसते आणि तोवर त्यांची वाढ चांगली होई. पुढे मात्र वाढ खुंटे; दहा-बारा वर्षांच्या मुलांची लांब हाडे आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे आखूड आहेत. आईचे दूध तुटून मूल पेजेवर आले की चार दाण्यांच्या गणिताची झळ त्याच्या हाडांपर्यंत पोहोचे.

स्त्रियांची नावे या कागदांत बहुधा बिअर गाळून विकल्याच्या दंडापोटी येतात, कारण गावची बिअर घरोघरी बायकाच करत. नॉर्दम्प्टनशायरमधील ब्रिगस्टॉक या राजाच्या मॅनरवर राहणारी सिसिलिया पेनिफादर मात्र वेगळी उठून दिसते. ती १२९५ च्या सुमारास जन्मली, तिने लग्न केले नाही, स्वतःच्या नावावर जमीन घेत गेली आणि १३४४ मध्ये ती वारल्यावर नातेवाईक तिच्या जमिनीसाठी भांडले. राजाच्या मॅनरवरची बंधने सौम्य असत आणि तिचे माहेर गावातल्या सुस्थितीतील घरांपैकी होते, हे खरे; पण मॅनरवरच्या बाईला स्वतःचे आर्थिक आयुष्य असूच शकत नव्हते, हा समज तिच्यामुळे टिकत नाही. ती जमीन घेऊ लागली तो काळही लक्षात घ्यावा. तो दुष्काळाचा होता आणि जमिनी स्वस्तात विकल्या जात होत्या.

१३१५ च्या उन्हाळ्यात उत्तर युरोपात पाऊस थांबेना. १३१६ मध्येही तेच झाले. विंचेस्टरच्या हिशेबांत या दोन वर्षांत गव्हाचा उतारा सरासरीपेक्षा दोन-पंचमांशाच्या आसपास घटलेला दिसतो. आपल्या पंधरा एकरांच्या कुटुंबाचा हिशेब पुन्हा मांडू : ५० ऐवजी ३० बुशेल आले, तर चर्चचे तीन आणि बियाण्याचे साडेबारा वजा जाता साडेचौदा उरतात. पीक चाळीस टक्क्यांनी घटले, पण घरात राहणारे धान्य साडेबत्तीसवरून साडेचौदावर, म्हणजे निम्म्याच्याही खाली आले. बियाणे कमी होत नाही, हेच या गणिताचे क्रौर्य आहे. बियाण्याला हात घातला तर पुढचे वर्षही हातचे जाते. गव्हाचे भाव अनेक पटींनी चढले, मीठ महागले, पावसामुळे गवत वाळेना, मेंढ्या मेल्या आणि १३१९ पासून गुरांत पसरलेल्या साथीने नांगराचे बैलही नेले. इंग्लंडच्या लोकसंख्येचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक या वर्षांत दगावला असावा. ज्यांच्याकडे पाच एकरसुद्धा नव्हते, ते आधी गेले. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचण्याचा हक्क म्हातारे, लहान आणि दुबळे यांच्यासाठी राखलेला होता आणि मजुरी मिळवू शकणाऱ्या धडधाकट माणसाने सरवा वेचला तर त्याला दंड होई. शेतात सांडलेल्या कणसांसाठी नियम करावे लागावेत, इतका तो समाज काठावर जगत होता.

मग १३४८ मध्ये प्लेग आला. कक्समच्या बांधील कुळांपैकी जे १३४९ च्या आरंभी जिवंत होते, त्यातला एकही वर्षाअखेरीस उरला नाही. कारभारी रॉबर्ट ओल्डमनही गेला. देशभरात एक-तृतीयांश ते निम्मे लोक मेले. जमीन तेवढीच राहिली आणि हात निम्मे झाले. शतकभर मालकाच्या बाजूने झुकलेला तराजू काही महिन्यांत कुळांकडे झुकला. शेरीची कापणी करायला माणूस मिळेना, मजूर दुप्पट मागू लागले, भूदास रात्रीतून गाव सोडून शेजारच्या मॅनरवर जाऊ लागले आणि तेथील मालक, माणसांची नड असल्याने, कोठून आलास असे विचारीना. राजाने १३४९ मध्ये वटहुकूम आणि १३५१ मध्ये कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरांवर गोठवली. कायदा मोडणारे हजारोंनी दंडले गेले, पण मजुरी वाढत राहिली. त्यातच फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी माणशी कर बसवण्यात आला आणि १३८० साली तो पंधरा वर्षांवरील प्रत्येकाला बारा पेन्स, म्हणजे साध्या मजुराची तीन-चार दिवसांची कमाई, इतका झाला.

जून १३८१ मध्ये एसेक्स आणि केंट पेटले. वॉट टायलर आणि धर्मोपदेशक जॉन बॉल यांच्या मागे हजारो लोक लंडनवर चालून गेले आणि १४ जून रोजी माइल एंडला चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने भूदासत्व रद्द केल्याचे फर्मान देऊ केले. गावोगावी बंडखोरांनी मॅनरच्या न्यायसभांच्या गुंडाळ्या शोधून जाळल्या. कोणाचा आजा भूदास होता, कोणावर किती वेठ आहे, हे त्या गुंडाळ्यांतच होते. काय जाळायचे हे त्यांना नेमके कळत होते. सेंट ऑल्बन्सला विल्यम ग्रिंडकॉब याच्या पुढाकाराने लोक मठात शिरले आणि महंत रिचर्डने बसवलेली जात्यांची फरशी त्यांनी उखडली. त्याच मठातल्या बखरकाराने, बंडखोरांविषयी काडीची सहानुभूती नसताना, लिहून ठेवले आहे की दगडांचे तुकडे करून ते रविवारी चर्चमध्ये वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसारखे लोकांत वाटण्यात आले. पन्नास वर्षे झाली तरी कोणत्या घरातून काय नेले होते, ते गाव विसरले नव्हते. १५ जूनला वॉट टायलर मारला गेला, फर्माने परत घेण्यात आली, जॉन बॉल आणि ग्रिंडकॉब या दोघांनाही जुलैमध्ये सेंट ऑल्बन्सलाच फाशी झाली.

बंड मोडले, पण शेरी पुन्हा वेठीवर चालली नाही. मालकांनी ती तुकड्यातुकड्यांनी खंडाने देऊन टाकली, वेठीचे दिवस रोख रकमेत बदलले आणि पंधराव्या शतकात बहुतेक भूदास, न्यायसभेतील नोंदीची नक्कल हाती असलेले कूळ बनले. इंग्लंडमध्ये भूदासत्व एखाद्या कायद्याने रद्द झालेच नाही, ते विरत गेले. नकलेवरची ती जुनी कुळवहिवाट मात्र १९२२ च्या कायद्याने, १९२६ पासून, अधिकृतपणे संपली. जमीन मोकळी झाल्याचा तोटाही अनेकांना झाला. व्हॅरम पर्सीसारख्या गावांत मालकांना धान्यापेक्षा लोकर परवडू लागली आणि १५०० च्या सुमारास तेथील शेवटची कुटुंबे हलून त्यांच्या जागी मेंढ्या आल्या.

माणसे कमी झाली म्हणून भूदासत्व संपले, एवढेच स्पष्टीकरण पुरे वाटत असेल, तर जर्मनीतून वाहणाऱ्या एल्ब नदीच्या पूर्वेकडे पाहावे. प्लेग आणि ओस गावे पूर्व युरोपालाही अनोळखी नव्हती. पण तेथील जमीनदारांनी पुढच्या दोनशे वर्षांत शेतकऱ्यांना जमिनीशी अधिकच जखडले, कारण पश्चिमेच्या शहरांना धान्य विकण्यात पैसा होता, राजे जमीनदारांवर अवलंबून होते आणि गावांकडे वहिवाटीची नोंद, न्यायसभा व एकजूट यांचे पाठबळ तुलनेने कमी होते. रशियात भूदासत्व १८६१ पर्यंत टिकले. माणसांचा तुटवडा दोन्हीकडे होता. इंग्लंडमध्ये मात्र शेतकऱ्यांकडे त्या तुटवड्याचा उपयोग करून घेण्याची शतकाहून अधिक काळची सवय होती, आणि ती त्यांनी पेंढ्यांच्या संख्येवरून आणि जेवणाबरोबरच्या बिअरवरून वाद घालता घालता लावून घेतली होती.